नस्तीवरचे अक्षर

चेन्नईत तिरुवल्लिकेणीच्या पार्थसारथी मंदिरापासून उत्तरेकडे निघाले की अर्काटच्या नवाबांचा चेपॉक महाल लागतो. १८५५ साली नवाबी संपली, महाल इंग्रज सरकारकडे गेला आणि पुढे मद्रासच्या महसूल मंडळाचा कारभार तेथून चालू लागला.

कामानिमित्त तेथे गेलो असता मला आठवली ती मद्रास इलाख्याची एक साधी रीत. टॉटनहॅम या आयसीएस अधिकाऱ्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत प्रकरण निकाली काढतानाच त्याच्या क्रमांकाला एक अक्षर जोडीत. 'आर' म्हणजे कायम जतन, 'डी' म्हणजे दहा वर्षे, 'के' तीन वर्षे, 'एल' एक वर्ष. आपल्याकडील अ, ब, क, ड वर्गवारीची ही दाक्षिणात्य बहीणच. मंडळ १९८० साली बरखास्त झाले. अक्षरे मात्र टिकली. कागद कधी नष्ट करायचा, हे तो कागद समजलेला माणूसच लिहून ठेवी, हे तिचे मर्म.

आता दप्तर संगणकात गेले आहे. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये नोंद बदलली तरी जुनी ओळ लगेच पुसली जात नाही. ती मृत होऊन जागा अडवते. ती जागा मोकळी करणारी स्वयंचलित सफाई २००५ साली मूळ प्रणालीत आली आणि २००८पासून आपोआप चालू असते. मूळ नियम असा: मृत ओळी पन्नास अधिक एकूण ओळींच्या वीस टक्क्यांपलीकडे गेल्या की सफाई. म्हणजे दहा लाख ओळींच्या तक्त्यात दोन लाख पन्नास मृत ओळी साचेपर्यंत काहीच हलत नाही.

एका कार्यालयात गर्दीच्या दिवसांत कुणीतरी एका तक्त्याची सफाई बंद केली. कारण योग्यच असेल. पण ते कोठेही लिहिले नाही, आणि त्या व्यक्तीची बदली झाली. काही महिन्यांनी तक्ता फुगला, खिडकीपुढे म्हातारी माणसे दाखल्यासाठी ताटकळली. दुरुस्ती एका दुपारची होती, कारण शोधायला तीन दिवस लागले.

त्यानंतर आम्ही एक नोंदवही घातली: कोणती सेटिंग, जुने मूल्य, नवे मूल्य, कारण, दिनांक, बदल करणाऱ्याचे पदनाम आणि फेरतपासणीची तारीख. तुलना फार ताणू नये. ही सफाई केवळ मृत ओळी काढते, जिवंत नोंद किती वर्षे ठेवायची याचा निर्णय आपणच करायचा असतो. पण दोन्हीकडे धडा एकच. यंत्र आज्ञा पाळते, कारण लक्षात ठेवीत नाही. ते पुढच्या माणसासाठी आपणच लिहून ठेवावे लागते.