‘अंकुर’च्या आधीची वर्षं

१९७४ साली ‘अंकुर’ पडद्यावर आला तेव्हा श्याम बेनेगल चाळिशीला टेकले होते. पहिला कथापट करायला हे वय तसं उशिराचंच. गोष्ट मात्र जुनी होती. हैदराबादच्या निजाम कॉलेजात शिकत असताना त्यांनी ती कथा म्हणून लिहिली होती. पुढे मुंबईत तिचा चित्रपट करायचा म्हणून सुमारे बारा-तेरा वर्षं ते निर्मात्यांचे उंबरे झिजवत होते.

नकार का मिळत असतील, हे गोष्ट ऐकली की समजतं. तेलंगणातलं एक खेडं. जमीनदाराचा शिकलेला मुलगा सूर्या शेती बघायला तिथे येतो आणि घरकाम करणाऱ्या दलित लक्ष्मीला जवळ करतो. तिचा मुकाबहिरा नवरा किष्टय्या कुंभार. ॲल्युमिनियमच्या भांड्यांनी त्याचा धंदा बसवलेला. ताडी चोरताना सापडला म्हणून त्याचं डोकं भादरून गाढवावरून धिंड काढतात आणि तो गाव सोडून जातो. लक्ष्मीला दिवस जातात आणि सूर्या अंग काढून घेतो. परतलेल्या किष्टय्याला, तो जाब विचारायला येतोय या भीतीपोटी, सूर्या चाबकानं फोडून काढतो. खरं तर बिचारा काम मागायला आलेला असतो. शेवटी एक लहान पोर जमीनदाराच्या खिडकीवर दगड भिरकावतं. संपलं. नायक नाही, नाचगाणं नाही, सूड नाही.

त्या काळी हिंदी चित्रपटाचा पैसा बराचसा वितरकांच्या आगाऊ रकमांतून उभा राहायचा. वितरक आधी विचारायचा तो नट कोण, संगीतकार कोण, गाणी किती. पटकथेची पाळी फार नंतर यायची, कधी यायचीही नाही. या हिशेबात ‘अंकुर’ बसणं शक्यच नव्हतं. लेखन कमी पडत होतं असं मुळीच नाही. ते तोलायला बाजाराकडे मापच नव्हतं. १९६० साली सरकारनं फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन काढलं, त्याच्या कर्जावर मृणाल सेन यांचा ‘भुवन शोम’ १९६९ मध्ये आला आणि कमी पैशांतल्या चित्रपटांना वाट दिसू लागली.

बेनेगलांना पैसा मिळाला तो मात्र जाहिरातींच्या वाटेनं. मुंबईत ते लिंटास या जाहिरात कंपनीत कॉपीरायटर म्हणून लागले आणि मग शेकडो जाहिरातपट, माहितीपट करत गेले. अर्ध्या-एका मिनिटात गोष्ट बसवायची, ठरल्या पैशांत आणि ठरल्या दिवशी हातावेगळी करायची, याची सवय तिथे लागली. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी शिकवलंही. ही वर्षं वाया गेली असं म्हणवत नाही. ‘अंकुर’चा छायालेखक गोविंद निहलानी त्यांना जाहिरातपटांच्या कामातच भेटला होता.

अखेर पैसा घातला तो ‘ब्लेझ’नं. देशभरच्या थिएटरांत जाहिरातपट दाखवणं हा या कंपनीचा धंदा, त्यामुळे थिएटरवाल्यांशी तिचा रोजचा संबंध आणि बेनेगलांचं काम तिला ठाऊक. ज्या माणसाचं काम आधीच पाहिलंय, त्याच्यावर पैसा लावायला तिला नटाच्या नावाची गरज वाटली नाही. संवाद सत्यदेव दुबे यांनी लिहिले, भाषा दखनी ठेवली. लक्ष्मी झालेली शबाना आझमी तेव्हा नवी होती. याच भूमिकेसाठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपट चाललाही.

मग मात्र थांबावं लागलं नाही. वर्षाला एक या गतीनं ‘निशांत’ (१९७५), ‘मंथन’ (१९७६), ‘भूमिका’ (१९७७) आले, आणि त्यांत मराठीचा वाटा मोठा होता. ‘निशांत’ आणि ‘मंथन’ विजय तेंडुलकरांनी लिहिले. ‘भूमिका’ अभिनेत्री हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मचरित्रावरून झाला. ‘मंथन’च्या पैशाची तऱ्हा तर आणखीच वेगळी. गुजरातच्या दूध सहकारी संस्थांतल्या पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले, दहा लाख जमले आणि तेवढ्यात चित्रपट झाला. पुढे हेच शेतकरी तो बघायला ट्रक भरभरून गेले. ‘मंथन’च्या पटकथेबद्दल तेंडुलकरांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.