गळाचे आमिष घरी कसे बनवतात?

परतूर तालुक्यातून वाहणारी दुधना नदी पुढे परभणी जिल्ह्यात सेलू तालुक्यातील निम्न दुधना धरणात अडवली आहे. अशा पाण्यात आधी मासा ठरवतात, मग आमिष.

कणकेची गोळी
कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात, तर मृगळ तळाशी चरतो. तिघांसाठीही कणीक आणि शेंगदाण्याची पेंड घट्ट मळून गोळी करतात. त्यात थोडा पिंजलेला कापूस मिसळला, की गोळी गळावरून लवकर सुटत नाही. दोरीवरचे तरंगते बूच वर-खाली सरकवून गळ हव्या त्या खोलीवर ठेवतात.

फिरकी
मरळ शिकारी असते. तिच्यासाठी स्टीलच्या पातळ पत्र्याचे किंचित खोलगट पाते तारेवर सैल ओवतात आणि मागे गळ लावतात. दोरी ओढली की पाते फिरते, चकाकते आणि मरळीला पळणारा मासा वाटतो. दोरीला पीळ पडू नये म्हणून पुढे फिरती कडी लावतात. वजनासाठी शिशाऐवजी लोखंडी नट वापरावा. शिसे विषारी असते.

फिरकी कधी टाकू नये?
पावसाळ्यात मरळीची पिल्ले थव्याने पृष्ठभागाजवळ फिरतात आणि खाली नर-मादी राखण करतात. जवळ आलेल्या फिरकीवर ती भुकेने नव्हे, तर पिल्लांच्या रक्षणासाठी झडप घालतात. म्हणून त्या वेळी मरळ सहज सापडते. पण राखणदार गेला, की पिल्ले इतर माशांच्या तोंडी जातात. थवा दिसला, की फिरकी गुंडाळून ठेवावी.

जलाशयातील मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. गळ टाकण्याआधी परवानगी घ्यावी.