खोडदच्या तबकड्या आणि खुज्या दीर्घिका

जबलपूरचे रांझी उपनगर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस वसले आहे. आपल्या आकाशगंगेच्या सुप्रसिद्ध सोबती दीर्घिका, म्हणजे मॅगेलनचे दोन मेघ, तेथून पाहता येत नाहीत. त्यांचे मध्यभाग त्या अक्षांशावर क्षितिजाच्या वर येतच नाहीत. मात्र त्याच कुळातील एनजीसी ६८२२ ही लहान दीर्घिका सप्टेंबरमध्ये रात्री आठच्या सुमारास धनू राशीत पन्नास अंशांहून अधिक उंचीवर असते. ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. बर्नार्ड यांनी ती १८८४ मध्ये शोधली आणि १९२५ मध्ये एडविन हबल यांनी तिच्यातील ११ सेफीड ताऱ्यांच्या आधारे ती आपल्या आकाशगंगेच्या बाहेर असल्याचे दाखवून दिले. आजच्या मोजणीनुसार तिचे अंतर सुमारे १६ लाख प्रकाशवर्षे आहे.

अशा दीर्घिकांना ‘बटू अनियमित दीर्घिका’ म्हणतात. त्यांना सर्पिल भुजा नसतात, ठळक केंद्र नसते. छायाचित्रात निळ्या, तरुण ताऱ्यांचे विखुरलेले पुंजके तेवढे उठून दिसतात. त्यांत वायू विपुल आणि हायड्रोजन-हेलियमपेक्षा जड मूलद्रव्ये अल्प. यावरून या दीर्घिका नुकत्याच जन्मल्या असाव्यात, असा समज होणे स्वाभाविक होते.

या समजाला पहिला तडा वॉल्टर बाडे यांच्या निरीक्षणांनी गेला. दुसऱ्या महायुद्धात लॉस एंजेलिसचे दिवे मंदावलेले असताना माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीने त्यांनी देवयानी दीर्घिकेच्या गाभ्यातील तांबडे तारे सुटे करून पाहिले आणि १९४४ मध्ये ताऱ्यांच्या दोन समष्टी मांडल्या: एक तरुण, दुसरी वृद्ध. पुढे आयसी १६१३ या अनियमित दीर्घिकेच्या कडेलाही त्यांना मंद तांबड्या ताऱ्यांचा विरळ पडदा आढळला. १९९६ मध्ये मिनिटी आणि झाइल्स्ट्रा यांनी डब्ल्यूएलएम या दीर्घिकेभोवती वृद्ध ताऱ्यांचे विस्तीर्ण आवरण दाखवले. निळे पुंजके हा केवळ वरचा थर होता. त्याखाली अब्जावधी वर्षांपूर्वीच्या पिढ्या शांतपणे नांदत होत्या. आज या दीर्घिकांना तरुण न म्हणता मंदगती म्हणणे अधिक योग्य ठरते.

मग प्रश्न उरतो तो वायूचा. इतका हायड्रोजन शिल्लक असूनही त्याचे तारे का झाले नाहीत? उदासीन हायड्रोजन २१ सेंटिमीटर तरंगलांबीची रेडिओलहर उत्सर्जित करतो, म्हणून उत्तर शोधण्यासाठी रेडिओ दुर्बीण हवी. येथे पुणे जिल्ह्याचा प्रवेश होतो. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली नारायणगावजवळच्या खोडद परिसरात प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जीएमआरटी ही दुर्बीण उभी राहिली. चौदा तबकड्या मध्यवर्ती भागात दाटीने आहेत. उरलेल्या सोळा तीन भुजांवर दूरवर पसरल्या आहेत. त्यामुळे एकाच निरीक्षणात विरळ, पसरट वायूही टिपता येतो आणि त्यातील बारकावेही.

पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील आयेशा बेगम आणि जयराम चेंगलूर यांनी रशियाचे ईगोर कराचेन्त्सेव व इतर सहकाऱ्यांसह याच दुर्बिणीने अतिमंद दीर्घिका तपासल्या. त्यापूर्वी इतक्या लहान दीर्घिकांत नीट परिवलन नसते, वायू केवळ अस्ताव्यस्त हालचाल करतो, असे मानले जाई. २००३ मध्ये कॅमेलोपार्डालिस बी या अत्यंत मंद दीर्घिकेत त्यांना सुव्यवस्थित परिवलन आढळले. २००५ मध्ये एनजीसी ३७४१ ने आणखी चकित केले: तिची वायुचकती तिच्या दृश्य विस्ताराच्या सुमारे आठपट दूरवर पसरलेली होती. तेवढे वस्तुमान बांधून ठेवण्यास तारे आणि वायू पुरत नाहीत; कृष्णद्रव्य लागते. २००८ मध्ये साठाहून अधिक दीर्घिकांचे ‘फिग्स’ सर्वेक्षण प्रसिद्ध झाले.

या संग्रहातून रचनेचे चित्रही बदलले. सर्पिल दीर्घिकेची चकती भाकरीसारखी चपटी असते. २०१० मध्ये सांबित रॉयचौधुरी व सहकाऱ्यांनी दाखवले, की या दीर्घिकांच्या वायुचकतीची जाडी सरासरीने तिच्या व्यासाच्या जवळपास ०.६ पट असते. कारण सोपे आहे. येथे परिवलनाचा वेग कमी आणि वायूच्या स्वैर हालचालीचा वेग त्याच्या तुलनेत बराच. गुरुत्वाकर्षण दुबळे असल्याने वायू दाबून पातळ करता येत नाही. जाड चकतीत घनता कमी राहते आणि तारेही संथपणे जन्मतात. वायू शिल्लक राहण्याच्या कोड्याचा एक धागा येथे हाती लागतो.

दुसरा धागा अजून सुटलेला नाही. केवळ कृष्णद्रव्याची संगणकीय प्रारूपे सांगतात, की दीर्घिकेच्या केंद्राकडे त्याची घनता झपाट्याने वाढत जावी. कॅमेलोपार्डालिस बी मध्ये मात्र गाभ्यातील घनता जवळपास समान असल्याचे परिवलनावरून दिसले. तारे फुटताना वायू पुनःपुन्हा बाहेर ढकलला जातो आणि त्या हेलकाव्यांनी कृष्णद्रव्यही विरळ होते, असे एक स्पष्टीकरण आहे. ते खरे असेल, तर कोणत्या काळी किती तारे जन्मले याचा हिशेब आणि कृष्णद्रव्याची रचना हे दोन वेगळे विषय राहत नाहीत. म्हणूनच वृद्ध तारे मोजणारी दुर्बीण आणि हायड्रोजन ऐकणारी खोडदची तबकडी या दोघींची नोंद एकत्र वाचावी लागते.