मधुमेहजन्य दृष्टिपटलविकार आणि आनुवंशिकता : एका वैद्यकीय प्रश्नाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

दोन व्यक्तींना एकाच सुमारास मधुमेह जडतो. दोघांची रक्तशर्करा वर्षानुवर्षे जवळजवळ सारखी राहते. तरीही वीस वर्षांनंतर एकाची दृष्टी शाबूत असते, तर दुसऱ्याच्या डोळ्यात रक्तस्राव होऊन त्याला वाचणेही अशक्य झालेले असते. नेत्रचिकित्सेत वारंवार आढळणाऱ्या या तफावतीचा उलगडा करण्याचा प्रयत्न वैद्यकशास्त्र दीर्घकाळ करीत आले आहे. हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेपुरता मर्यादित नाही. ज्याची दृष्टी जाते त्याला 'पथ्य पाळले नाही' असा दोष दिला जातो. उलट 'घराण्यातच आहे' असे ऐकलेला रुग्ण पथ्याविषयी उदासीन होतो. या दोन्ही समजुती इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकतात, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती :

१) मधुमेहजन्य दृष्टिपटलविकाराच्या कारणमीमांसेचा कालानुक्रमे आढावा घेणे.
२) या मीमांसेत जनुकीय वैविध्याचा विचार कसा व का शिरला, याचा शोध घेणे.
३) जनुकीय संशोधनाच्या यशाची व मर्यादांची चिकित्सा करणे.

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित वैद्यकीय साहित्याचा आधार घेतला आहे.

रोगाची ओळख :

जिवंत माणसाच्या डोळ्याचा अंतर्भाग स्पष्ट पाहण्याचे साधन 1851 पूर्वी वैद्यांपाशी नव्हते. त्या वर्षी जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी ऑफ्थॅल्मोस्कोप हे उपकरण जगापुढे आणले. त्यानंतर अवघ्या काही वर्षांत, 1855 च्या सुमारास, व्हिएन्ना येथील एदुआर्द येगर यांनी मधुमेही रुग्णाच्या दृष्टिपटलावरील बदलांचे वर्णन केले. तथापि अल्ब्रेख्ट फॉन ग्रेफे यांच्यासारख्या मान्यवर नेत्रतज्ज्ञाने मधुमेह व हे बदल यांतील कार्यकारणसंबंध मान्य केला नाही. पुढे 1872 मध्ये लंडनच्या एडवर्ड नेटलशिप यांनी आणि 1876 मध्ये विल्हेल्म मान्झ यांनी केलेल्या निरीक्षणांमुळे येगर यांच्या मताला बळ मिळाले. असे असूनही हे बदल मधुमेहाचे नसून उच्च रक्तदाबाचे वा रोहिणीकाठिण्याचे आहेत, हे मत विसाव्या शतकातही बराच काळ टिकून होते.

या वादाला वेगळे वळण मिळाले ते इन्सुलिनमुळे. टोरोंटो येथे 1921 मध्ये इन्सुलिनचा शोध लागला आणि जानेवारी 1922 मध्ये ते प्रथम रुग्णास देण्यात आले. तोपर्यंत मधुमेह झालेली बहुतेक मुले थोड्याच वर्षांत दगावत. दृष्टिपटलाच्या केशवाहिन्या बिघडण्यास मात्र अनेक वर्षे लागतात. इन्सुलिनने आयुष्य वाढवले आणि त्या वाढलेल्या आयुष्यातच अंधत्वाचा धोका मोठ्या प्रमाणावर दिसू लागला. 1943 मध्ये ग्लासगो येथील आर्थर बॅलन्टाइन व आर्नोल्ड लोवेनस्टाइन यांनी केशवाहिन्यांवरील सूक्ष्म फुगवट्यांकडे लक्ष वेधले. हा मधुमेहाचा स्वतंत्र नेत्रविकार आहे, हे मत त्यानंतर दृढ होत गेले.

रक्तशर्करा की अन्य घटक :

विकार मधुमेहाचाच असेल, तर तो सर्व मधुमेहींना सारखा का होत नाही, हा पुढचा प्रश्न होता. आयझॅक मायकेलसन यांनी 1948 मध्ये असे अनुमान मांडले की, रक्तपुरवठा कमी पडलेले दृष्टिपटल एखादा द्रव्यघटक स्रवते व त्यामुळे नव्या, नाजूक रक्तवाहिन्या फुटतात. 1953 मध्ये डेन्मार्कच्या याकोब पौल्सन यांनी एका मधुमेही स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. प्रसूतीनंतर तिची पियूषिका ग्रंथी निकामी झाली आणि पाठोपाठ दृष्टिपटलविकार ओसरला. या निरीक्षणाच्या आधारे पियूषिका ग्रंथी काढून टाकण्याच्या वा नष्ट करण्याच्या शस्त्रक्रिया पुढील काळात करण्यात आल्या. दृष्टी वाचवण्यासाठी रुग्णाला आयुष्यभराचे संप्रेरक-परावलंबन पत्करावे लागे. 1976 मध्ये अमेरिकेतील 1,700 हून अधिक रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष आले आणि प्रकाशकिरणांनी दृष्टिपटलाचे भाग डागण्याच्या उपचारामुळे तीव्र दृष्टिनाशाचे प्रमाण निम्म्याहून कमी होते, असे सिद्ध झाले. पियूषिकेवरील शस्त्रक्रिया त्यामुळे मागे पडल्या.

रक्तशर्करेचे महत्त्व निर्विवादपणे ठरले ते 1993 मध्ये. पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या 1,441 रुग्णांवर उत्तर अमेरिकेत झालेल्या 'मधुमेह नियंत्रण व गुंतागुंत चाचणी'त काटेकोर नियंत्रणामुळे नव्याने दृष्टिपटलविकार उद्भवण्याचा धोका 76 टक्क्यांनी घटला. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाबाबत 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासाने याच दिशेचा पुरावा दिला. तथापि याच उत्तर अमेरिकी चाचणीच्या आकडेवारीचे 2008 मध्ये पुनर्विश्लेषण झाले, तेव्हा एक विलक्षण बाब पुढे आली. रक्तशर्करेची पातळी व मधुमेहाचा कालावधी एकत्र धरूनही व्यक्तीव्यक्तींतील धोक्याच्या तफावतीपैकी सुमारे 11 टक्केच भागाचा उलगडा होत होता. ही दोन्ही विधाने परस्परविरोधी वाटली तरी तशी नाहीत. नियंत्रणाने संपूर्ण गटाचा धोका घटतो. त्या गटातील कोणाला विकार होईल, हे मात्र केवळ नियंत्रणावरून सांगता येत नाही.

कुटुंब व जुळी भावंडे :

आनुवंशिकतेचा संशय जनुकांच्या तपासणीपूर्वीच बळावला होता. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातील लेस्ली व पाइक यांनी 1982 मध्ये एकसारख्या जुळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दुसऱ्या प्रकारचा मधुमेह असलेल्या बहुतेक जोड्यांत दोन्ही भावंडांच्या दृष्टिपटलाची अवस्था मिळतीजुळती होती. पहिल्या प्रकारात हे साम्य कमी होते. 1997 मध्ये वर उल्लेखिलेल्या उत्तर अमेरिकी चाचणीतील कुटुंबांची पाहणी झाली. विकार असलेल्या रुग्णांच्या मधुमेही नातलगांत तीव्र विकाराची शक्यता, विकार नसलेल्यांच्या मधुमेही नातलगांच्या तुलनेत सुमारे तिप्पट आढळली. भारतात चेन्नई येथील एम. रेमा, व्ही. मोहन व सहकाऱ्यांनी 2002 मध्ये दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहींच्या भावंडांमध्ये असाच कौटुंबिक कल दाखवून दिला. अर्थात, एका कुटुंबात जनुकांबरोबरच स्वयंपाकघर, उत्पन्न व दवाखान्याची वाटही समाईक असते. त्यामुळे कौटुंबिक साम्य हा आनुवंशिकतेचा संकेत ठरतो, निर्णायक पुरावा नव्हे.

जनुकांचा शोध :

प्रत्यक्ष जनुकांचा शोध प्रथम ज्ञात जीवरासायनिक मार्गांवरून सुरू झाला. अतिरिक्त ग्लुकोजचे सॉर्बिटॉलमध्ये रूपांतर करणाऱ्या अल्डोज रिडक्टेज या विकराच्या जनुकालगत एक बदलत्या लांबीचा पुनरावृत्त भाग असतो. हाँगकाँगच्या संशोधकांनी 1995 मध्ये या भागाच्या एका रूपाचा संबंध लवकर उद्भवणाऱ्या दृष्टिपटलविकाराशी जोडला. मात्र याच विकराला रोखणाऱ्या सॉर्बिनिल या औषधाची चाचणी 1990 मध्येच निष्फळ ठरली होती. कारणाचा धागा हाती लागणे आणि उपाय सापडणे यांत मोठे अंतर असते, हे यावरून ध्यानात येते.

दुसरा धागा मायकेलसन यांच्या अनुमानापर्यंत मागे जातो. त्यांनी कल्पिलेल्या घटकाशी जुळणारे रक्तवाहिनी-वर्धक प्रथिन 1994 मध्ये मधुमेही रुग्णांच्या नेत्रद्रवात वाढलेले आढळले. 2002 मध्ये जपानी संशोधकांनी या प्रथिनाच्या जनुकातील एका वैविध्याचा विकाराशी संबंध दाखवला. चेन्नई व मदुराई येथील नेत्रसंस्थांमध्येही या दोन जनुकांचा अभ्यास झाला. पण निरनिराळ्या लोकसमूहांतील निष्कर्ष एकमेकांशी पुरेसे जुळले नाहीत.

मानवी जनुकसंचाचा आराखडा 2003 मध्ये पूर्ण झाल्यानंतर संपूर्ण जनुकसंच एकाच वेळी तपासणे शक्य झाले. 2015 मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी पुढाकार घेतलेल्या अभ्यासात 'जीआरबी2' जनुकालगतचे, तर 2020 मध्ये अमेरिकी संशोधकांच्या अभ्यासात 'एफएलसीएन' हे जनुक पुढे आले. तरीही नेत्ररोगतज्ज्ञाने नित्याच्या व्यवहारात वापरावी अशी एकही निर्णायक जनुकीय चाचणी यातून निष्पन्न झालेली नाही.

या अपयशाची कारणे पद्धतीत आहेत. पहिले म्हणजे, अनेक अभ्यासांतील रुग्णसंख्या अपुरी होती. दुसरे, तुलनेसाठी निवडलेल्या 'विकारमुक्त' व्यक्तींना मधुमेह होऊन कधीकधी थोडीच वर्षे लोटलेली असत. त्यांना पुढे विकार होणारच नाही याची शाश्वती नव्हती. तिसरे, सौम्य व दृष्टिघातक अवस्था एकाच गटात मोजल्या गेल्या. चौथे, एकेका जनुकीय वैविध्याचा परिणाम अल्प असतो व लोकसमूहागणिक त्याचे प्रमाण बदलते.

यातील दुसऱ्या त्रुटीवर उतारा म्हणून बोस्टनच्या जॉस्लिन केंद्राने केलेला अभ्यास उल्लेखनीय आहे. पन्नास वा अधिक वर्षे पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेल्या व्यक्तींपैकी सुमारे 43 टक्क्यांना दृष्टिपटलविकाराची प्रगत अवस्था आली नव्हती, असे 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. विशेष म्हणजे, या गटात तत्कालीन शर्करा-नियंत्रण व विकार यांचा संबंध आढळला नाही. काहींना निसर्गतः संरक्षण लाभत असावे, या कल्पनेला त्यामुळे बळ मिळाले. मात्र एवढी वर्षे हयात राहिलेला हा निवडक गट आहे. त्याचे उदाहरण देऊन नियंत्रण अनावश्यक ठरवणे चुकीचे होईल.

निष्कर्ष :

१) दृष्टिपटलविकार केवळ रुग्णाच्या निष्काळजीपणाचे फळ आहे, हे मत पुराव्याशी विसंगत आहे. काटेकोर नियंत्रण ठेवणाऱ्यासही तो होऊ शकतो. अशा रुग्णास दोष देणे अशास्त्रीय व अन्याय्य आहे.

२) आनुवंशिकता म्हणजे विधिलिखित नव्हे. कौटुंबिक कल असला तरी नियंत्रणाचा लाभ सिद्ध झालेला आहे.

३) जनुकीय संशोधनाने भाकीत करण्याची क्षमता अद्याप दिलेली नसली, तरी रोगाच्या यंत्रणेचा शोध उपचारापर्यंत पोहोचू शकतो. रक्तवाहिनी-वर्धक प्रथिनाला रोखणाऱ्या रॅनिबिझुमॅब या औषधास मधुमेहजन्य पीतबिंदूशोथासाठी अमेरिकेत 2012 मध्ये मान्यता मिळाली, हे त्याचे उदाहरण होय.

४) चेन्नई शहरातील 2005 च्या पाहणीत मधुमेहींपैकी 17.6 टक्के व्यक्तींना हा विकार आढळला होता. धोका कोणाला, हे आधी ओळखता येत नसल्याने प्रत्येक मधुमेहीची नियमित नेत्रतपासणी हाच सुरक्षित मार्ग उरतो. ज्याच्या मधुमेही भावंडाला वा पालकाला हा विकार झाला आहे, त्याच्याबाबत ती अधिक तत्परतेने व्हावी. त्यासाठी महागड्या जनुकीय चाचणीची गरज नाही; कुटुंबात कोणाची दृष्टी मधुमेहाने गेली आहे काय, एवढा एक प्रश्न विचारणे पुरेसे आहे.