रोजच्या गाडीचे ब्रेक: आधी काय बदलावे?

कोलोरॅडोतल्या पाइक्स पीकवरून उतरताना ग्लेन कोव्हला रेंजर ब्रेकचे तापमान मोजतात. फार तापले असतील तर गार होईपर्यंत थांबवतात. आम्हालाही थांबवले. मागे मुले, आणि पेडल मऊ पडलेले! चूक आमचीच, खालचा गिअर न टाकता ब्रेकवरच उतरत होतो. घरी येऊन मोठ्या कॅलिपरचे किट मागवणार होतो, पण आधी थोडा अभ्यास केला.

गाडी थांबवतात शेवटी टायर. जोरात ब्रेक दाबल्यावर एबीएस चालू होत असेल, तर मोठ्या कॅलिपरने अंतर फारसे घटत नाही. उष्णता तेवढी जास्त सोसली जाते. पेडल मऊ पडते ते बहुधा ब्रेक फ्लुइड उकळल्याने. ते हवेतला ओलावा शोषते. नव्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस, ओलावा मुरल्यावर १४०. डॉट ४ चा २३० आणि १५५. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलून घ्यावे. (डॉट ५ सिलिकॉनचे असते, ते यात मिसळू नये.)

मग चांगले स्ट्रीट पॅड. रेसचे पॅड थंड असताना नीट धरत नाहीत, हिवाळ्यात सकाळी मुलांना शाळेत सोडताना ते नकोतच. भोकांचे रोटर दिसतात झकास, पण त्यांना तडे जाऊ शकतात. किट घ्यायचेच असेल, तर आपल्या चाकात मावते का हे आधी मोजून पाहा.