बसचा जिना आणि रक्तवाहिनीचं अस्तर

लंडनच्या डबलडेकर बसवर पूर्वी दोन माणसं असत. ड्रायव्हर सारी पाळी आपल्या जागेवर बसून काढी, तर कंडक्टर तिकिटं देत सारखा खालीवर करी. मुंबईत बेस्टच्या जुन्या डबलडेकरमधून ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांना त्या अरुंद जिन्यावरची कंडक्टरची लगबग वेगळी सांगायला नको. लंडनचा कंडक्टर दिवसाकाठी ५०० ते ७५० पायऱ्या चढत असे. या पायऱ्यांनी वैद्यकशास्त्राला एक मोठा धडा शिकवला.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये हृदयविकाराचे झटके वाढले होते, पण कारण उमगत नव्हतं. डॉ. जेरी मॉरिस यांनी वाहतूक सेवेतल्या सुमारे ३१ हजार पुरुषांच्या नोंदी तपासल्या आणि १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडले. कंडक्टरांमध्ये हा विकार कमी होता, उशिरा होत होता आणि झाला तरी ड्रायव्हरइतका जीवघेणा ठरत नव्हता. टपाल खात्यातही तेच दिसलं. पायी किंवा सायकलवर पत्रं वाटणारे पोस्टमन खुर्चीवर बसणाऱ्या कारकुनांपेक्षा सुरक्षित होते.

शंका निघणं साहजिकच होतं. मुळात स्थूल माणसंच ड्रायव्हर होत असतील तर? मॉरिस यांनी चक्क गणवेशाची मापं मागवली. ड्रायव्हरांच्या पँटचा कमरेचा घेर खरोखरच जास्त निघाला, आणि १९५६ मध्ये त्यांनी स्वतःच ते जाहीर केलं. पण पुढच्या अभ्यासात दिसलं की सडपातळ असो वा स्थूल, कंडक्टरला धोका कमीच होता. म्हणजे गुण त्या जिन्याचा होता. मात्र जिना चढल्यानं शरीराच्या आत नेमकं काय घडतं, याचं उत्तर तेव्हा पुरतं कुणाजवळच नव्हतं.

कारण रक्तवाहिनी म्हणजे एक नळी, ही समजूत पक्की होती. रक्त शरीरात फिरतं, हे विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये दाखवलं. धमन्या आणि शिरा यांना जोडणाऱ्या केशवाहिन्या मार्सेल्लो माल्पिगी यांनी १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात पाहिल्या. धमनीच्या भिंतीतले स्नायू मज्जातंतूंच्या हुकमानं आकसतात, हे एकोणिसाव्या शतकात कळलं. पण सर्वांत आतलं, जेमतेम एका पेशीच्या जाडीचं अस्तर म्हणजे नुसता गुळगुळीत मुलामा, असंच मानलं जाई.

ही नळी वापरानुसार बदलते, याची एक खूण अमेरिकेत मिळाली. बोस्टन मॅरेथॉन सात वेळा जिंकणारे क्लॅरेन्स डीमार १९५८ मध्ये कर्करोगानं वारले. त्यांच्या शवविच्छेदनाचा अहवाल १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या हृदयाच्या धमन्या सर्वसाधारण माणसाच्या दुप्पट-तिप्पट रुंद होत्या. आत चरबीचे थर होते, पण वाट मोकळी होती.

खरा उलगडा न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये, एका चुकीतून झाला. रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या तुकड्यांवर प्रयोग करीत होते. ॲसेटिलकोलीन हे द्रव्य जिवंत प्राण्यात रक्तवाहिन्या सैल करतं. त्यांच्या तुकड्यांना मात्र ते आकसवत असे. १९७८ मध्ये एके दिवशी सहायकानं ठरलेला क्रम मोडला आणि तुकडा सैल पडला. शोध घेता लक्षात आलं, की तुकडे कापताना आतली बाजू घासली जाऊन अस्तर निघून जात होतं. अस्तर शाबूत असेल तरच धमनी सैल होते! हे त्यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलं. ते अस्तर भिंतीतल्या स्नायूला ‘सैल हो’ असा निरोप धाडत होतं. हा निरोप्या म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, मोटारींच्या धुरातला प्रदूषक म्हणून ठाऊक असलेला साधा वायू, हे १९८७ पर्यंत सिद्ध झालं. फर्चगॉट, लुईस इग्नारो आणि फरीद मुराद यांना त्याबद्दल १९९८ चं नोबेल मिळालं.

आता कंडक्टरच्या जिन्याचा अर्थ लागतो. विश्रांतीत हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त ढकलतं. जोरदार व्यायामात ते वीस लिटरवर जातं. काम करणाऱ्या स्नायूंतली द्रव्यं तिथल्या बारीक वाहिन्या उघडतात, तर आतड्यांकडचा पुरवठा आखडता घेतला जातो. भरल्या पोटी धावू नये म्हणतात, ते उगीच नाही. वेगानं वाहणारं रक्त अस्तराला घासून जातं, तो स्पर्श अस्तराला कळतो आणि ते नायट्रिक ऑक्साइड सोडतं. धमनी रुंदावते. हे रोज घडत राहिलं की अस्तर तरतरीत राहतं, स्नायूंत नव्या केशवाहिन्या फुटतात. बैठ्या माणसाच्या अस्तराला हा सराव मिळत नाही, ते हळूहळू मंदावतं.

व्यायामानं हृदयविकार टळतोच असं नाही. तंबाखू, मधुमेह, रक्तदाब यांचा वाटा मोठा आहे. छातीत दुखत असेल तर जिना नव्हे, डॉक्टर गाठावा. पण लंडनचा तो कंडक्टर व्यायाम करायला म्हणून कुठे गेला नव्हता. तो आपलं कामच करत होता. आणि डॉ. मॉरिस? स्वतःच्या आकडेवारीवर विश्वास ठेवून ते नियमित व्यायाम करत राहिले. २००९ मध्ये ते गेले तेव्हा त्यांचं वय होतं ९९ वर्षं.