प्लेगची लस, प्रतिपिंडे आणि उंदीर

१८९६ साली मुंबईत शिरलेला प्लेग पुढील दोन-तीन वर्षांत कोल्हापूर संस्थानात पोहोचला. घरात उंदीर पडू लागले की घर सोडावयाचे, हे लोक अनुभवाने शिकले. शाहू महाराजांनी गावाबाहेर छावण्यांची व्यवस्था केली. दरम्यान मुंबईत वाल्देमार हाफकिन यांनी उष्णतेने मारलेल्या जंतूंची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात टोचलेल्या व न टोचलेल्या कैद्यांची तुलना झाली. लस उपयुक्त ठरली. परंतु शरीरातील नेमका कोणता घटक रक्षण करतो, हे मृत्यूंच्या मोजदादीवरून कळणारे नव्हते. १९३० च्या दशकात हाफकिन संस्थेत साहिबसिंग सोखी यांनी लसीची शक्ती उंदरांवर मोजण्याची पद्धत बसविली. ही प्रगती मोठीच. तरी मोजमाप जगल्या-मेल्याचेच राहिले.

मूळ प्रश्नाला हात घालता आला तो जनुकबदलामुळे. १९९१ मध्ये कलोन येथे क्लाउस राजेव्स्की व सहकाऱ्यांनी उंदरातील प्रतिपिंडाच्या जड साखळीचे एक जनुक नेमके मोडले. बी पेशींची वाढ अर्ध्यावर थांबली, टी पेशी शाबूत राहिल्या. २००५ साली अमेरिकेत अशा उंदरांना दुर्बल केलेल्या जिवंत प्लेगजंतूंची लस देण्यात आली. त्यांच्या टी पेशींनी लस न मिळालेल्या, तशाच प्रतिपिंडहीन उंदरांना नाकावाटे दिलेल्या प्राणघातक संसर्गापासून वाचविले. प्रतिपिंडे निरुपयोगी, असा याचा अर्थ नव्हे. केवळ प्रतिपिंडे टोचलेले उंदीरही प्लेगातून बचावतात. शिवाय हाफकिन यांची लस मृत जंतूंची होती. तेव्हा भायखळ्याच्या कैद्यांना कोणी तारले, हे या प्रयोगावरून ठरविता येत नाही.